दोन वर्षांचे ग्रीन कार्ड आणि कपाटातली फाईल

अबोली

मागच्या आठवड्यात हिशेबी यांनी या मंचावर लिहिले की लग्नामुळे मिळणाऱ्या दोन वर्षांच्या कंडिशनल, म्हणजे अट घातलेल्या, ग्रीन कार्डाचा आपल्या लोकांनी उगाच बाऊ केला आहे. ज्यांचा संसार खरा आहे त्यांना त्या अटीची झळ लागत नाही, कारण ती चाळणी आहे आणि चाळणीत अडकतात ते खडे, असे त्यांचे म्हणणे. हे वाक्य तीन दिवस डोक्यात खुपत राहिले, म्हणून हे लांबलचक उत्तर.

माझी मावसबहीण नाशिकहून न्यू जर्सीला गेली तेव्हा लग्नाला जेमतेम अकरा महिने झाले होते. नवरा अमेरिकन नागरिक. ती इमिग्रंट व्हिसावर देशात शिरली त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पुरी झालेली नव्हती, एवढ्याच कारणाने तिला दहाऐवजी दोन वर्षांचे कार्ड मिळाले. ती दोन वर्षे संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे अट काढून टाकण्याचा अर्ज, भरायचा, आणि तो भरला नाही तर दुसऱ्या वर्षपूर्तीला स्टेटस आपोआप संपते. म्हणजे कार्ड तिचे, नोकरी तिची, कर तिच्या पगारातून कापलेला, आणि हे सगळे टिकवणाऱ्या अर्जावर दुसरी सही नवऱ्याची. त्या घरात भांडण झाले की नवरा आवाजही चढवत नसे. तो फक्त म्हणत असे, "मार्चमध्ये बघू." मार्चमध्ये तिची मुदत होती.

त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक तेलुगू जोडपे राहत होते. नवऱ्याला ईबी-१ या नोकरीच्या वर्गातून ग्रीन कार्ड मिळाले आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या बायकोला थेट दहा वर्षांचे मिळाले, जरी त्यांच्या लग्नाला दीडच वर्ष झाले होते. अट लागते ती नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदार म्हणून अर्ज झाला असेल तर. नोकरीच्या अर्जाला जोडून आलेल्या बायकोचा संसार खरा की खोटा, हे दोन वर्षांनी कोणी विचारायला येत नाही. हिशेबी, तुमच्या चाळणीची भोके माणूस बघून लहानमोठी होतात का?

हिशेबी

अबोलीताई, तुमच्या बहिणीबद्दल वाईट वाटले, आणि हे मी उपचार म्हणून लिहीत नाही. परंतु एका वाईट नवऱ्यावरून कायदा वाईट ठरवायचा असेल तर मग कोणताच कायदा उरणार नाही. १९८६ साली ही अट आली ती कोणाच्या तरी डोक्यात किडा वळवळला म्हणून नव्हे. कागदावरची लग्ने लावून देणारे दलाल तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्याच कायद्याने खोट्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड ठेवला.

आता दुसरी बाजू, जी येथे कोणीच लिहीत नाही. माझ्या मित्राने पुण्यात लग्न केले आणि बायकोला आणण्यासाठी आय-८६४ वर, म्हणजे तिच्या आर्थिक आधाराच्या हमीपत्रावर, सही केली. ती आल्यावर तिसऱ्या महिन्यात भावाकडे टेक्सासला गेली ती परत आली नाही. घटस्फोट झाला, परंतु त्या सहीची जबाबदारी घटस्फोटाने सुटत नाही. ती नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खात्यावर कामाच्या चाळीस तिमाह्या जमा होईपर्यंत, किंवा ती देश सोडेपर्यंत, दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न तिला मिळत राहील याची हमी याने दिलेली आहे. स्पॉन्सर करणाऱ्याच्या मानेवर एवढे जोखड ठेवल्यावर सरकारने त्याची एक सही मागितली, तर त्यात जुलूम कसला?

उंबरठा

हिशेबी, कायदा हवेतून आला नाही हे बरोबर. तो ज्या आकड्यावर आला तो आकडा मात्र बराचसा हवेतला होता. कायदा होण्याआधी सिनेटच्या सुनावणीत तेव्हाच्या इमिग्रेशन खात्याने सांगितले की अशा लग्नांपैकी सुमारे ३० टक्के संशयास्पद आहेत. पुढे न्यायालयात गाठ पडली तेव्हा उघड झाले की ती पाहणी संशयाची होती, सिद्ध झालेल्या प्रकरणांची नव्हती, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती टिकण्यासारखी नव्हती. संशय आणि गुन्हा यांतला फरक आपल्याकडच्या पोलीस पाटलालाही कळतो.

आणखी एक. मूळ कायद्यात घटस्फोट झालेल्या जोडीदाराला दोघांच्या सहीपासून सूट मिळवायची असेल तर घटस्फोट त्यानेच आणि योग्य कारणासाठी घेतलेला असावा लागे. म्हणजे नवऱ्याने आधी जाऊन अर्ज टाकला की बायकोची वाट बंद. १९९० मध्ये ती अट काढली आणि मारहाण व क्रूर छळ सोसणाऱ्यांसाठी वेगळी सूट घातली. कायदा मुळात निर्दोष असता तर चार वर्षांत ही शिवण उसवून पुन्हा घालावी लागली नसती.

जुनाजाणता

वाचून हसू आले. मी २०१२ पासून ईबी-२ या नोकरीच्या ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे. एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतात जन्मलेल्याने मरेपर्यंत वाट पाहावी अशी व्यवस्था आहे. नागरिकाशी लग्न केले तर मर्यादा नाही, रांग नाही, आणि वर तक्रार कशाची तर कार्ड दोन वर्षांचेच मिळाले! माझी मुलगी एकवीस वर्षांची होऊन माझ्या अर्जातून बाहेर पडण्याच्या बेतात आहे. आम्हाला दोन महिन्यांचे दिले तरी फ्रेम करून भिंतीवर लावू.

अबोली

जुनाजाणता, तुमच्या रांगेचे दुःख मोठे आहे, आणि त्यासाठी वेगळा धागा काढलात तर मी पहिली प्रतिक्रिया देईन. परंतु प्रत्येक चर्चेत आपली रांग आणून उभी करायची, हा प्रकार आता पुरे झाला.

वेलदोडा

सही वगैरे ठीक आहे, पण या सगळ्यात खरा अडथळा फाईलचा असतो, आणि त्यावर कोणी बोलत नाही. सही नसली तरी अर्ज करता येतो. संसार खरा होता याचे पुरावे मात्र लागतातच, मग अर्ज दोघांचा असो की एकटीचा. जोड बँक खाते, भाडेकरार, कराचे विवरणपत्र, विम्यावर वारस म्हणून नाव, आणि शिवाय ओळखीच्यांची ॲफिडेव्हिट. आता सांगा, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये सासू-सासऱ्यांच्या घरात राहणाऱ्या सुनेच्या नावावर यांतले काय असते? घर सासऱ्यांचे, विजेचे बिल सासऱ्यांचे, गाडी दिराच्या नावावर, आणि लग्नाच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत सगळे सासूच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, पैठण्यांच्या खाली. माझी फाईल तिथेच होती. सासूबाई दुपारी झोपल्या असताना मी स्टुलावर चढून ती काढली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर एकेका कागदाचे फोनवर फोटो घेतले. कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा मी करपत्राच्या दुसऱ्या पानावर होते. तो आवाज अजून कानात आहे.

कोकणकडा

वेलदोडा, मी सासू आहे आणि माझ्याही कपाटात फाईल आहे. दोष द्यायला सासू सापडली की तुमचे काम सोपे होते. आम्ही मुलगा-सुनेला तळघर दुरुस्त करून दिले आणि तीन वर्षांत एक पैसा भाडे घेतले नाही. भाडे घेतले नाही म्हणून भाडेकरार नाही, आणि भाडेकरार नाही म्हणून तिच्या वकिलाने आम्हालाच विचारले की ही खरोखर येथे राहते कशावरून! सकाळी सहाला उठून तिचा डबा भरणाऱ्या बाईला हा प्रश्न. शेवटी मी आणि यांनी नोटरीसमोर लिहून दिले की होय, राहते, आमच्या डोळ्यांसमोर राहते. कागद एका जागी ठेवले ते हरवू नयेत म्हणून. सुनेला कोंडून ठेवायला नव्हे.

वेलदोडा

ताई, तुम्ही कोंडले असे मी कुठे म्हटले? सुनेच्या पासपोर्टाची जागा सासूच्या कपाटात का, एवढेच मी विचारले. डबा भरल्याने त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

कोकणकडा

मुलाचा पासपोर्टही तिथेच आहे. यांचाही. आमच्याकडे १९९१ पासून सगळ्यांचे कागद त्याच कपाटात असतात आणि आजवर एकही कागद हरवलेला नाही. आपापल्या खोलीत ठेवणाऱ्यांच्या घरी रेशन कार्ड शोधायला दिवाळी उजाडते, तेही मी पाहिले आहे.

हिशेबी

धागा कपाटात शिरला तर! आता कृपा करून मूळ मुद्द्यावर यावे. वेलदोडा यांनीच लिहिले की सही नसतानाही अर्ज करता येतो. मग अबोलीताईंचा "मार्चमध्ये बघू" हा मुद्दा उरतो कुठे? छळ होत असेल तर घटस्फोटाचीही वाट पाहावी लागत नाही, लग्न टिकलेले असतानाच सूट मागता येते. घटस्फोट झाला असेल तर त्या कारणाने एकटीने अर्ज करता येतो, आणि असा अर्ज नव्वद दिवसांच्या खिडकीतच करावा असेही बंधन नाही. जोडीदाराचा मृत्यू झाला तर तीही तरतूद आहे. दारे चार आहेत, आणि तुम्ही एकाच दाराला कुलूप आहे म्हणून ओरडत आहात.

उंबरठा

हिशेबी, दारे आहेत हे मान्य. परंतु मधल्या खोलीत अडकलेल्यांचे काय? नवरा सही देत नाही, मारत नाही, आणि घटस्फोटही झालेला नाही, अशा बाईचे लग्न कायद्याने चालू असते. घटस्फोटाच्या कारणाने अर्ज टाकला तर खाते अंतिम हुकूमनामा मागते. आपल्याकडे संमतीने घटस्फोट घ्यायचा तरी आधी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. घटस्फोटाच्या दुसऱ्या अर्जासाठीची सहा महिन्यांची वाट २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर माफ होऊ शकते, तीही न्यायाधीशाच्या मर्जीवर. संमती नसेल तर विचारूच नका. मुदत मार्चमध्ये आणि तारीख जूनमध्ये, अशी ती कसरत असते.

अबोली

हिशेबी यांनी चार दारे मोजून दाखवली त्याबद्दल आभार. माझ्या बहिणीला त्यांतले एकही ठाऊक नव्हते. तिला ठाऊक होते ते नवऱ्याने सांगितलेले, की सही नाही तर विमान. अट अशी लिहिली आहे की पहिले दार नवऱ्याच्या हातात आहे हे सर्वांना माहीत असते, आणि बाकीची दारे वकिलाकडे गेल्यावर कळतात. त्या मधल्या काळात नवरा सहीच्या धाकावर तिला मुठीत ठेवतो. छळाच्या आधारावर अर्ज केला तर खाते ती माहिती नवऱ्याला सांगू शकत नाही, आणि केवळ त्याच्या सांगण्यावरून तिच्याविरुद्ध निर्णयही घेऊ शकत नाही. हेही तिला दीड वर्षाने समजले.

तिने शेवटी घटस्फोटाच्या आधारावर अर्ज केला. कोऱ्या फाईलपासून सुरुवात होती, कारण वेलदोडा यांच्यासारखीच तिचीही खरी फाईल सासरच्या कपाटात होती. जोड विवरणपत्राच्या प्रती आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडून, तिने स्वतः मागवल्या, त्यासाठी नवऱ्याची गरज नव्हती. दंतवैद्याच्या विम्याच्या कार्डावर दोघांची नावे होती. नाशिकच्या हॉलची पावती माझ्या मावशीने जुन्या पर्समधून शोधून पाठवली, हळदीचा डाग असलेली. सगळ्यात अवघड गेली ती ॲफिडेव्हिट. ज्या लोकांच्या घरी दोघे गणपतीत आरतीला जात, त्यांच्यापैकी पाच जणांनी "आम्हाला मध्ये पडायचे नाही" म्हणून नकार दिला. शेवटी लिहून दिले ते खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बाईने आणि ती काम करत होती त्या दुकानाच्या गुजराती मालकाने.

जुनाजाणता

हे वाचून मघाचे हसू आवरतो. गणपतीचा प्रकार मात्र नवीन वाटला नाही.

हिशेबी

मी आडमुठा नाही. नवऱ्याची सही नसतानाही अर्ज होतो, हे माझ्या मूळ लेखात पहिल्याच परिच्छेदात यायला हवे होते, ते आले नाही, ही चूक. चाळणीची उपमाही मागे घेतो, तेवढ्याने तुमचे समाधान होत असेल तर. परंतु अट रद्द करावी हे मला आजही मान्य नाही. आणि जाता जाता उपयोगाचे एक : अर्जाची पावती आली की कार्डावरची मुदत संपल्यानंतरही ४८ महिने स्टेटस चालू राहते, २०२३ च्या जानेवारीपासून ही सोय आहे. पूर्वी २४ महिने होते. या काळात नोकरीही करता येते आणि प्रवासही, फक्त कार्ड आणि पावती दोन्ही जवळ हवीत. नागरिकत्वासाठी हा कंडिशनल काळही धरला जातो.

उंबरठा

धरला जातो, परंतु तीन वर्षांचे पाच होतात. नागरिक जोडीदाराबरोबर राहत असेल तरच तीन वर्षांनी अर्ज करता येतो. घटस्फोट झाला की पाच वर्षे मोजायची. हिशेबी यांच्या हिशेबात ही दोन वर्षे नेहमी गळतात.

वेलदोडा

माझी मुदत सप्टेंबरमध्ये आहे. आमचे चांगले चालले आहे, नवरा सही करणारच आहे, तरीही मी फोनमधले फोटो आज माझ्या ईमेलवर पाठवले. कोकणकडा ताई, मघाशी मी जरा तिखट बोलले.

कोकणकडा

तिखट बोललात, आणि मीही काही गोड बोलले नाही. तुमचे सगळे पटले असे मुळीच नाही. तरी काल रात्री सुनेला हाक मारून तिची आणि मुलाची फाईल तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "आई, राहू द्या ना तिथेच, माझ्याकडे हरवेल." आता यावर काय म्हणायचे ते तुम्हीच सांगा. वरचा कप्पा मात्र मोकळा झाला, तिथे मी लोणच्याच्या बरण्या ठेवल्या आहेत.

अबोली

ताई, फाईल देण्याआधी त्यात लग्नपत्रिका आहे की नाही तेवढे पाहिलेत ना?