मदत हवी आहे: रेडिएशननंतर आप्पांच्या तोंडाची चव गेलीय, खायला काय घालू?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही सोलापूरचे, अशोक चौकाजवळ राहतो. माझे वडील, आप्पा, वय ६३, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. मागच्या गणपतीत डाव्या गालाच्या आतून जखम दिसली, महिनाभर मलम लावलं तरी भरेना म्हणून तुकडा काढून तपासला तर कॅन्सर निघाला. मग ऑपरेशन, मानेतल्या गाठी काढल्या, त्यानंतर ३० सिटिंगचं रेडिएशन, फाईलवर ६० ग्रे (रेडिएशनचं माप) लिहिलंय, आणि सोबत दर आठवड्याला केमो. संक्रांतीच्या आधी सगळं संपलं. आता साडेचार महिने झाले, स्कॅन चांगला आलाय, देवाच्या दयेनं आजार गेलाय, पण माणूस जेवीना झालाय.

रेडिएशनच्या तिसऱ्या आठवड्यापासून चव जायला लागली. आधी चहा कडू लागायला लागला, मग भाकरी भुशासारखी. संक्रांतीला नातवानं तिळगूळ दिला, तो तोंडात घातला आणि गुपचूप बेसिनमध्ये जाऊन थुंकला, मी बघितलं. म्हणाले माती लागते गं. आम्हाला वाटलं ट्रीटमेंट संपली की महिन्याभरात ठीक होईल. आता आंब्याचे दिवस आलेत, आमरसाची वाटी समोर ठेवली तर म्हणतात नुसतं थंड काहीतरी आहे, गोड आहे का आंबट तेही कळत नाही. वजन ७१ होतं, परवा ५६ भरलं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते मागच्या रविवारचं. आई शेंगाचटणी कुटत होती, आमच्याकडं अजून खलबत्त्यातच कुटतात, तेल सुटेपर्यंत. लसणाचा आणि भाजल्या शेंगांचा वास घरभर सुटला तसे आप्पा आतून उठून आले, कितीतरी महिन्यांनी तोंडावर हसू होतं, स्वतः पाट ओढून बसले आणि म्हणाले वाढ. भाकरी कडक असते म्हणून आईनं दुधात कुस्करून दिली, वर चिमूटभर चटणी. एक घास घेतला आणि डोळ्यातून पाणीच आलं. चव काहीच नाही, नुसती आग. ताट सरकवलं आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले. वास येतोय म्हणजे चव पण येईल असं त्यांना वाटलं होतं बहुतेक, आम्हालाही वाटलं होतं.

आणि आईचं वेगळंच झालंय. अख्ख्या गल्लीत आईच्या हाताच्या चवीचं नाव, आणि आता रोज ऐकायचं की यात मीठच नाही. ती अजून मीठ घालते, मग आम्हाला कुणालाच भाजी तोंडात धरवत नाही, आणि आप्पांना बीपी आहे. परवा मला हळूच विचारत होती, माझ्याच हाताची चव गेली का गं. हॉस्पिटलात विचारलं तर येईल हळूहळू एवढंच उत्तर मिळालं, लाईन मोठी असते, पुढचा पेशंट दारात उभा असतो.

अजून एक, याचा मला फार राग आहे. त्यांचे जुने मित्र भेटायला येतात आणि म्हणतात चिमूटभर तंबाखू दाढेला धर, तोंडाला चव येईल. आप्पांनी रिपोर्ट आला त्या दिवशी पुडी नाल्यात टाकली, परत हात लावला नाही. त्या माणसाला हे सांगायचं? दुसऱ्यांदा आलेल्यांना मी दारातूनच परत पाठवलं, लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

तर विचारायचं हे की चव परत येते का, आणि किती दिवसांनी? तोपर्यंत काय खायला घालू, चव नसली तरी निदान जाईल असं? तोंड सारखं कोरडं पडतं, त्यात सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, रात्री तीन तीनदा उठून पाणी पितात. जिभेवर पांढरा थर पण दिसतो, तो कोरडेपणाचाच असेल ना? आणि घरात आम्ही चटणी, भजी असलं करणं बंद करावं का? त्यांच्यासमोर खाताना घास उतरत नाही.

प्रतिसाद, पंढरपूरहून:

ताई, मी स्वतः यातून गेलेय, जिभेचा होता, तीन वर्षं झाली. आधी आईंना सांगा की हात तोच आहे, जीभ बदललीय. माझ्या सासूबाई पण अशाच रडायच्या.

मला चौथ्या पाचव्या महिन्यात आंबट कळायला लागलं, मग खारट. गोड सगळ्यात शेवटी आलं, दहावा महिना असेल, आणि चहा अजूनही पहिल्यासारखा लागत नाही. प्रत्येकाचं वेगळं असतं, माझ्यासोबत ट्रीटमेंट घेणाऱ्या एका काकांना वर्ष लागलं. त्यामुळं साडेचार महिन्यात आली नाही म्हणून आता येणारच नाही असं धरू नका.

खायचं म्हणाल तर मी भाकरीचा नाद सोडला आणि ज्वारीच्या कण्यांवर जगले. मऊ शिजवायच्या, कोमट झाल्या की ताक घालायचं, जिऱ्याची पूड. हुलग्याचं माडगं पण जायचं, आंबील जायची. गरम गरम वाढू नका, गरम असलं की वास डोक्यात जातो आणि तोंडात काहीच लागत नाही, मग जास्त निराशा होते. गार किंवा कोमटच द्या. स्टीलच्या चमच्यानं मला लोखंड चाटल्यासारखं व्हायचं, लाकडी चमचा घेतला तेव्हा बरं वाटलं. आणि हो, जे आवडायचं ते मुद्दाम महिनाभर मागू नका म्हणावं. मी आवडीचे पदार्थ रोज तपासून बघायचे आणि रोज रडायचे. नवीन काहीतरी खा, ज्याची आठवण नाही, ते आपोआप जातं.

घरात चटणी बंद करू नका. मला तर सगळे लपून खातात हे कळलं तेव्हाच जास्त वाईट वाटलं होतं.

प्रतिसाद, आहारतज्ज्ञ:

मी कॅन्सर पेशंटसोबत काम करते. पहिलं आणि महत्त्वाचं, तो पांढरा थर लवकरात लवकर दाखवा. नुसता कोरडेपणा असेलही, पण रेडिएशननंतर तोंडात बुरशी होणं खूप कॉमन आहे आणि तिनं पण चव जाते, जळजळ होते. ती औषधानं बरी होते, त्यामुळं वाट बघत बसू नका.

आता हे का होतं ते. जिभेवरच्या चवीच्या पेशी साधारण दहा ते चौदा दिवसात मरतात आणि नव्या येतात. रेडिएशननं नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशीच दुखावतात, म्हणून दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात चव गेली. त्यात लाळ कमी. पदार्थ लाळेत विरघळल्याशिवाय चव त्या पेशींपर्यंत पोचतच नाही, साखर कोरड्या जिभेवर ठेवून बघा म्हणजे समजेल. बहुतेकांची चव काही महिन्यात ते वर्षभरात बरीचशी परत येते, काहींची थोडी कमीच राहते.

आणि चटणीचं जे झालं ते अगदी बरोबर झालं. तिखट ही चव नाहीच, ती आग आहे, वेदनेची नस वेगळी असते. ती नस शाबूत आहे, वरची कातडी नाजूक झालीय, म्हणून चव शून्य आणि आग दुप्पट. तेच कुटलेले शेंगदाणे मिरची न घालता, जिरं आणि शिजवलेला लसूण घालून, अगदी बारीक करून दह्यात कालवून द्या. वजन १५ किलो उतरलंय, त्यांना प्रोटीन आणि तेल दोन्ही पाहिजे, त्यात दोन्ही आहे. अंडं मऊ उकडून, मुगाचं घट्ट वरण वर तूप, पनीर कुस्करून. तीन जेवणांचा हट्ट सोडा, दर दोन तासांनी अर्धी वाटी.

मीठ वाढवू नका, बीपी आहे आणि त्यानं चव येत नाही. घरच्यांसाठी जेवढं मीठ लागतं तेवढंच. आंबटाची जोड द्या, चिंचेचं पाणी, आमसूल, लिंबाचे दोन थेंब, त्यानं लाळ पण सुटते, पण तोंडात जखम असेल तर आंबट नको.

जेवणाआधी गुळण्या: एक लिटर पाण्यात एक चमचा खायचा सोडा आणि एक चमचा मीठ, गिळायचं नाही. बाजारातला झणझणीत माऊथवॉश नको, अल्कोहोल असतं. दातांच्या डॉक्टरांना रेडिएशन झालंय हे सांगितल्याशिवाय एकही दात काढू देऊ नका, रेडिएशननंतर जबड्याचं हाड कधीकधी भरून येत नाही. मानेवर रेडिएशन झालंय म्हणजे थायरॉइड पण मंदावू शकतं, भूक मेल्यासारखी होते, पुढच्या रक्ततपासणीत टीएसएच घालायला सांगा. झिंकच्या गोळ्या कुणीतरी सुचवेलच, तर २००७ साली आलेल्या अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये चवीसाठी त्यांचा फायदा दिसला नव्हता, पैसे अंड्यांवर घाला. पाणी पिताना किंवा जेवताना ठसका लागत असेल तर ते मात्र लगेच दाखवा.

धागा काढणारी, आठ दिवसांनी:

ताई, दोघींचे खूप आभार, तुमचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. पंढरपूरच्या ताईंचं हात तोच आहे, जीभ बदललीय हे तिनं दोनदा वाचायला लावलं.

थर दाखवला, बुरशीच निघाली. गोळ्या चालू आहेत, आज सहावा दिवस, थर बराच गेलाय आणि पाणी पिताना जी आग व्हायची ती कमी झालीय. टीएसएचचं रक्त दिलंय, रिपोर्ट परवा मिळेल.

कण्या जायलेत. चव काही नाही म्हणतात, पण गिळायला बरं वाटतं, सकाळ संध्याकाळ मिळून दोन वाट्या होतात. वजन या आठवड्यात उतरलं नाही, ५६ च आहे. दह्यातली बिनतिखटाची चटणी आईनं केली, आधी तोंड वाकडं केलं की ही कसली चटणी, सोलापूरकराला हे देतीस का म्हणून, पण खाल्ली. काल रविवार होता, आईनं आमच्यासाठी नेहमीची तिखट कुटली तेव्हा आप्पा येऊन शेजारी बसले. खाल्ली नाही. वासावरून म्हणाले लसूण कमी पडलाय. आईनं दोन पाकळ्या अजून टाकल्या.

एक विचारायचं राहिलं, प्रवासात काय द्यायचं? पुढच्या महिन्यात पुण्याला स्कॅनला जायचंय, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस, परत यायला रात्र होते. दह्यातलं काही या उन्हात टिकणार नाही. गार राहील, मऊ असेल आणि गाडीत सांडणार नाही असं काय नेता येईल ते सांगा.