पर्पल फिंचला मराठीत काय म्हणावं?

शेवंती: न्यू हॅम्पशायरला राहते. इथल्या मराठी शाळेतल्या मुलांसाठी पक्ष्यांचे तक्ते करतेय. पर्पल फिंच हा १९५७ पासून राज्याचा पक्षी, म्हणून पहिला मान त्याचा. पण 'जांभळा फिंच' लिहिलं की मुलं जांभळा खडू उचलणार आणि पक्षी तर लाल! दुसरा शब्द सुचवा. आणि 'फिंच' तसंच ठेवू की सरळ चिमणी म्हणू?

रानवाट: जांभळा नकोच. नर बघा: डोकं, मान, छाती, पाठ, सगळीकडे कोकमाचं आगळ सांडल्यासारखा रंग. घोळ जुना आहे. मार्क केट्सबी या इंग्रज निसर्गअभ्यासकाने अठराव्या शतकात कॅरोलायनातल्या या पक्ष्याला पर्पल म्हटलं आणि जर्मन शास्त्रज्ञ ग्मेलिनने १७८९ मध्ये शास्त्रीय नावात 'पुर्पुरेआ' घातलं. हा लॅटिन शब्द समुद्री गोगलगाईंपासून काढलेल्या रंगाचा. त्यात गडद लालही बसतो. आपला जांभळा पडला जांभळाच्या फळावरून, त्यात निळसर झाक आलीच. मी 'किरमिजी फिंच' म्हणेन. किरमिजी हा किड्यापासून काढलेला लाल रंग, आणि इंग्रजीतला क्रिमझनही त्याच किड्याच्या नावावरून आलेला.

भोरडी: 'गुलाबी' का नको? सोपा आहे.

रानवाट: रोझफिंच आधीच आहे ना! हिवाळ्यात आपल्याकडे महाराष्ट्रातही येतो तो, हिंदीत त्याला तूती म्हणतात. पूर्वी दोघांना 'कार्पोडॅकस' या एकाच प्रजातीत धरत, आता अमेरिकेतले तिघे 'हिमोऱ्हस'मध्ये वेगळे काढलेत. गुलाबी म्हटलं की पुन्हा गोंधळ.

भोरडी: बरं, किरमिजी. पण मादीत लाल रंगाचा टिपूससुद्धा नसतो. तपकिरी अंग, छातीवर ठळक रेघोट्या, डोळ्यावर रुंद पांढुरकी भुवई आणि गालावर गडद पट्टा. वर्षभराचा नरही हुबेहूब तसाच, आणि त्याच तपकिरी वेशात गातोसुद्धा. लाली येते ती नंतर पिसं बदलताना, तीही खाण्यातल्या रंगद्रव्यांवर पोसलेली. म्हणजे निम्म्याहून जास्त पक्ष्यांना नाव लागूच नाही!

रानवाट: हळद्याची मादी तरी कुठे नराइतकी पिवळीधमक असते? तक्त्यावर दोघांची चित्रं द्या, झालं.

शेवंती: देते. पण आमच्या दाणापात्रावर हाउस फिंचही येतात. त्यांनाही मराठी शब्द लागेल, तर दोघांतला फरक नक्की काय?

भोरडी: आधी कुशी बघायच्या. हाउस फिंचच्या नराला कुशीवर तपकिरी, स्पष्ट रेघा असतात. लाली कपाळ आणि छातीवर थांबते, पाठ तपकिरीच. पर्पलची लाली पाठीवर उतरते, कुशीवरच्या खुणाही लालसर नि पुसट. चोचीची वरची कड हाउसमध्ये गोलसर वळते, पर्पलमध्ये बरीच सरळ. शेपटीची खाच पर्पलची खोल. माद्यांमध्ये गालाकडे बघा, हाउसच्या मादीचा चेहरा अगदी सपक. पश्चिमेकडच्या डोंगरात मात्र तिसरा, कॅसिन्स फिंच, डोकं खाऊ शकतो.

हाउस फिंच मूळचा पश्चिमेचा. १९४० मध्ये न्यू यॉर्कच्या पक्षीविक्रेत्यांनी पिंजऱ्यातले सोडून दिले आणि ते पूर्वेत पसरले. वस्तीत रमतो, म्हणून 'घरफिंच' चालेल. पर्पल वीण घालतो सूचिपर्णी आणि मिश्र रानात, थंडीत दाण्यापाठी दक्षिणेकडे उतरतो. 'किरमिजी रानफिंच' म्हटलंत तर जोडी जुळते.

रानवाट: रानफिंचला माझं अनुमोदन. चिमणी मात्र नको, ते कूळच वेगळं. पिंजऱ्यात विकतात त्या झेब्रा फिंचलाही फिंच म्हणतात, पण तोही मुनियांचा नातेवाईक, या कुळातला नाही. त्यामुळे 'फिंच' शब्द ठेवा, पण पेटशॉपवाल्याच्या अर्थाने नव्हे.

शेवंती: ठरलं, किरमिजी रानफिंच. आता तो फिंच की ती फिंच?

भोरडी: 'तो फिंच', 'फिंचची मादी'. आणि अनेकवचनात 'फिंच'च राहू द्या. तक्त्यावर कुठे 'फिंचेस' दिसलं तर खोडा.