बालमजुरीवर सरसकट बंदी: पोरांचं भलं होतं की आपल्याला बरं वाटतं?

तिरकीरेघ:
परवा एका मित्राशी वाद झाला. तो म्हणाला मुलांचे हक्क म्हणजे सोप्पंय, अठराच्या आतल्या कुणालाही कामाला लावायचं नाही, विषय संपला. मला काही ते पटेना. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा, जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी, एकूण १९६ सदस्यांनी, मान्य केलाय (अमेरिकेनं १९९५ ला सही केली पण मंजुरी अजून नाही, तो वेगळाच तमाशा). त्यात ३२ वं कलम सांगतं की मुलांना शोषणापासून वाचवा, आणि १२ वं सांगतं की मुलांच्या बाबतीत काही ठरवताना त्यांचंही ऐका. आता मुलंच म्हणाली की आम्हाला काम करू द्या, तर?

बोलिव्हियात हेच झालं. काम करणाऱ्या पोरांची तिथे चक्क युनियन आहे. १४ च्या आतल्यांना काम बंद करणारा कायदा येतोय म्हटल्यावर डिसेंबर २०१३ मध्ये ही पोरं ला पाझच्या रस्त्यावर उतरली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, मग राष्ट्राध्यक्ष मोरालेस त्यांना भेटले आणि २०१४ च्या कायद्यात सवलत आली. वय १४ च, पण अपवाद म्हणून स्वतःचं काही करणाऱ्याला १० पासून आणि दुसऱ्याकडे कामाला जाणाऱ्याला १२ पासून, परवानगी काढून. पुढे तिथल्या घटना न्यायालयानं ती सवलत उडवली. माझ्या मते पोरांचं ऐकलं होतं ते बरोबर होतं. बोला.

मधलीसुट्टी:
काहीही. दहा वर्षांचं पोरगं "मला काम करू द्या" म्हणतं तेव्हा त्याच्यापुढे पर्याय काय असतात? काम नाहीतर उपाशी झोप. त्यातलं एक उचललं की आपण म्हणायचं बघा बघा मुलाचं मत! १२ वं कलम वय आणि समज बघून मताला वजन द्या म्हणतं, म्हणतील तसं करा म्हणत नाही.
आणि बंदीनं काही होत नाही हे कुणी सांगितलं? २००० साली जगात २४.६ कोटी बालमजूर होते, २०२० ला १६ कोटी, २०२४ चा अंदाज १३.८ कोटी, आणि मधल्या काळात जगाची लोकसंख्या वाढलीय हे विसरू नका. सगळं श्रेय कायद्याचं असं मी म्हणत नाही, पण कायदा नसता तर शाळेला पैसे द्या म्हणून सरकारच्या मागे कशाच्या जोरावर लागला असतात?

तिरकीरेघ:
बांगलादेश आठवतो का? १९९२ ला अमेरिकेच्या सिनेटमध्ये टॉम हार्किन यांनी विधेयक आणलं, मुलांनी बनवलेला माल आयात करायचा नाही. विधेयक पास झालंच नाही, नुसत्या भीतीनं कपड्याच्या कारखानदारांनी हजारो मुलांना, बहुतेक मुलीच, काढून टाकलं. त्या शाळेत गेल्या का? युनिसेफनंच १९९७ च्या अहवालात लिहिलंय की कितीतरी जणी दगड फोडायला, रस्त्यावर फेरी करायला, काही वेश्याव्यवसायात गेल्या. शिलाई मशीन परवडलं म्हणायची वेळ आली.

ओलीपाटी:
गोष्ट अर्धीच सांगितलीत राव. १९९५ ला कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) यांचा करार झाला, की मुलाला काढायच्या आधी शाळेत जागा पाहिजे आणि घरच्यांना महिन्याला ३०० टाका भत्ता. मजुरीपेक्षा कमीच होता तो, तरी हजारो मुलं शाळेत बसली. मग चूक बंदीची की आधी हाकललं आणि नंतर विचार केला याची? मेक्सिकोनं १९९७ ला उलट्या क्रमानं सुरुवात केली, मूल शाळेत जात असेल तर आईच्या हातात रोख पैसे, आणि त्यात मुलींची माध्यमिक शाळेतली संख्या वाढली.

फुकटसल्ला:
गादीवर बसून गरिबांच्या पोरांवर गप्पा मारणं सोपं असतं हो

ओलीपाटी:
@फुकटसल्ला मग खाली बसून मारा. मुद्दा असेल तर लिहा.

चष्मेबद्दूर:
दोघंही हवेत भांडताय. मुळात "अठराच्या आत काम बंद" असा आंतरराष्ट्रीय नियम नाहीच्चे. आयएलओच्या १९७३ च्या करारात साधारण वय १५, गरीब देशांना १४ ची सूट, हलकं काम १३ किंवा १२ पासून, फक्त धोक्याच्या कामाला १८. आणि १९९९ चा जो दुसरा करार आहे, गुलामी, सैन्यात भरती, लैंगिक शोषण, असल्या सगळ्यात वाईट प्रकारांवरचा, तो २०२० पर्यंत आयएलओच्या सगळ्या १८७ सदस्य देशांनी मंजूर केला, असं त्या संस्थेच्या इतिहासात आधी कधीच झालं नव्हतं. म्हणजे ज्यावर वाद नाही तिथं जग एक आहे, भांडण आहे ते मधल्या कामांचं.
आणि ती मधली कामं कुठं आहेत तर शेतात. जवळजवळ ६१ टक्के बालमजूर शेतीत, बरेचसे घरच्याच. कारखान्यावर धाड घालता येते, शेताला दारच नाही तर कुलूप कशाला लावणार?

सुईदोरा:
मुलींचं घरकाम कुणी मोजतच नाही, हे मला जास्त सलतं. आकड्यात नेहमी मुलगे जास्त दिसतात, पण आठवड्याला २१ तास किंवा जास्त घरकाम धरलं की चित्र उलटं होतं, मुली पुढे जातात. धाकट्याला सांभाळणारी, पाणी भरणारी अकरा वर्षांची पोरगी युनियन कधी काढणार, आणि मोर्चा कुणावर नेणार, आईवर?

तिरकीरेघ:
@सुईदोरा हे खरंय, माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. @चष्मेबद्दूर हलक्या कामाची सूट मान्य असेल तर बोलिव्हियानं वेगळं काय केलं? दोन वर्षं खाली आले एवढंच ना.

मधलीसुट्टी:
एवढंच नाही. त्याच कायद्यात मुलांना मोठ्यांइतकंच किमान वेतन द्या असंही होतं. वाचायला छान. पण मुलाला कामावर का ठेवतात? स्वस्त पडतं आणि उलट बोलत नाही म्हणून. सारखाच पगार द्यायचा तर मालक मोठा माणूसच घेईल ना, म्हणजे एकतर मुलाला काम मिळणार नाही नाहीतर गुपचूप कमी पैशात मिळणार. मग ती सवलत नेमकी कुणाला मिळाली?

तिरकीरेघ:
मालकाकडे राबणाऱ्या पोरांपुरतं मानलं. पण ला पाझमध्ये बूटपॉलिश करणाऱ्याला मालकच नाही, त्याच्यावर किमान वेतन कुणी लावायचं? त्याचं काम बेकायदा ठरवलं की उद्या ब्रश जप्त करायला येणार पोलीसच, शाळेची बाई नाही. त्याचं काय करायचं ते सांगा.