सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन

(सोसायटीचा ग्रुप, विश्रामबाग, सांगली. रविवार सकाळ.)

सुनीता, बी-203: एक विचारायचं होतं. आमच्या ह्यांना मिरजेच्या हार्टच्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी इंजेक्शन सुचवलंय. कोलेस्टेरॉलच्या चालू स्टॅटिन गोळीनं पोटऱ्या इतक्या दुखतात की जिना चढवत नाही. सुरुवातीला एक, तीन महिन्यांनी एक, मग दर सहा महिन्यांनी एक. नाव इन्क्लिसिरान. माहितीच्या कागदावर आरएनए लिहिलंय. कोरोनाच्या लसीतलंच का हे?

दिलीप, ए-304: वहिनी, सांभाळून. आरएनए म्हणजे माणसाचे जीन बदलतात. माझ्याकडे व्हिडिओ आलाय, टाकू का?

प्राची, सी-102: काका, व्हिडिओ राहू दे. सुनीताकाकू, मी पुण्यात याच कामात आहे म्हणून लिहिते, जरा लांब होईल.

जीन बदलत नाहीत. डीएनए पेशीच्या केंद्रकात असतो. हे औषध केंद्रकाबाहेरच्या निरोपावर काम करतं, म्हणजे एमआरएनएवर. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, रक्तातून ओढून घेणारे रिसेप्टर असतात आणि पीसीएसके9 नावाचं प्रथिन ते रिसेप्टर संपवतं. इन्क्लिसिरान त्या प्रथिनाचा निरोपच कापून टाकतं. प्रथिन कमी बनलं की रिसेप्टर जास्त टिकतात आणि एलडीएल साधारण निम्म्यावर येतं. कोरोनाच्या फायझरसारख्या एमआरएनए लसीत उलटं होतं, तिथं पेशीला प्रथिन बनवायचा निरोप द्यायचा असतो. दोन्हीत आरएनए, पण कामं वेगळी.

बाळासाहेब, ए-102: प्राचीताई, मग ही औषधं आधी का नाही आली? आरएनए काय आजचा हाय का?

प्राची, सी-102: कारण निरोप लिहिणं सोपं, पोचवणं महाकठीण. आमचं निम्मं आयुष्य त्यातच जातं 😅

नुसता आरएनए टोचला तर रक्तातली एन्झाइम त्याचे तुकडे करतात. तीच एन्झाइम आपल्या बोटांवर, घामातही असतात. लॅबमध्ये मोबाइलला हात लागला तरी आम्ही ग्लोव्ह्ज बदलतो. शिवाय बाहेरचा आरएनए दिसला की शरीर खवळतं. त्यावर कॅटालिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांनी 2005 मध्ये तोडगा दाखवला, आरएनएमधलं एक अक्षर थोडं बदलून वापरायचं. 2023 चं नोबेल त्याचंच.

एवढं करूनही पेशीत शिरणं राहतंच. पेशीचं आवरण स्निग्ध, आरएनएवर ऋण भार, तो आपणहून आत जात नाही. म्हणून त्याला चार प्रकारच्या स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म गोळ्यात बसवतात. चौघांत एक चक्क कोलेस्टेरॉल असतं! पेशी तो गोळा एका पिशवीत गिळते. पिशवीत आम्लता वाढली की गोळ्यातल्या एका घटकावर धन भार येतो, पिशवी फुटते, आरएनए बाहेर पडतो. म्हणजे पडला तर. बहुतेक माल त्या पिशवीतच वाया जातो, आजसुद्धा.

बाळासाहेब, ए-102: आणि ती कोरोनाची लस उणे 70 अंशांत ठेवायची, त्याचं काय? आमच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजलाबी झेपायचं नाही ते. पुरात चार दिवस लाइट गेली तर सगळी लस कृष्णेत.

प्राची, सी-102: अगदी खरं. फायझरची लस सुरुवातीला तशीच ठेवावी लागायची. म्हणून पुण्याच्या जिनोव्हा कंपनीचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. त्यांच्या कोरोनाच्या एमआरएनए लसीला जून 2022 मध्ये आणीबाणीची परवानगी मिळाली. ती 2 ते 8 अंशांत राहते, म्हणजे आपल्या आरोग्य केंद्रातल्या साध्या फ्रीजमध्ये. उशिरा आली म्हणून कुणी फारशी घेतली नाही, ते वेगळं.

सचिव: कुणाची पांढरी स्विफ्ट गेटसमोर आहे? पाण्याचा टँकर आत येत नाहीये.

दिलीप, ए-304: माझी. काढतो. प्राची, मग वहिनींना हे इंजेक्शन उणे 70 मधून आणायचं का?

प्राची, सी-102: नाही काका, याला फ्रीजही लागत नाही, फक्त गोठवायचं नाही. यात तो स्निग्ध गोळाच नाही. आरएनएचा तुकडा छोटा, रासायनिक बदल करून चिवट केलेला, आणि शेपटीला खास साखरेचे तीन रेणू. ती साखर ओळखणारे रिसेप्टर लिव्हरच्या पेशींवर खच्चून भरलेले, म्हणून पोटाच्या कातडीखाली टोचलं तरी औषध नेमकं लिव्हरला जातं. मघाशी म्हटलेल्या पिशव्यांत ते साठून राहतं आणि महिनोन् महिने थोडं थोडं झिरपतं. लसवाल्यांची डोकेदुखी, इथं सोय!

यातली प्रगती बघायची तर एका आनुवंशिक आजाराची औषधं बघा, ज्यात एक प्रथिन नसांवर साचतं. पहिलं, पॅटिसिरान, 2018 चं. स्निग्ध गोळ्यातून, दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून. त्याच प्रथिनावरचं, साखरेची शेपटी लावलेलं औषध 2022 मध्ये आलं, तीन महिन्यांनी एकदा, कातडीखाली. मुख्यतः पोचवायची रीत सुधारली.

पण ही साखर लिव्हरपुरतीच. मज्जातंतूंच्या एका आजारावर नुसिनर्सेन नावाचं औषध आहे, ते पाठीच्या कण्यातूनच द्यावं लागतं. हृदय, फुफ्फुस, स्नायूंसाठी इतकी सोपी वाट अजून नाही.

बाळासाहेब, ए-102: द्राक्षावर फवारायला आरएनए येणार का?

प्राची, सी-102: अमेरिकेत बटाट्यावरच्या भुंगेऱ्यासाठी आलाय. द्राक्षाच्या भुरीसाठी सध्या तुमचं गंधकच बरं.

दिलीप, ए-304: एक शंका. गोळी बंद करता येते. सहा महिन्यांचं औषध आत गेलं आणि त्रास झाला तर?

प्राची, सी-102: काका, आजचा सगळ्यात चांगला प्रश्न. काढता येत नाही, असर हळूहळू ओसरेल तेवढी वाट बघायची. आतापर्यंत मुख्य तक्रार टोचलेल्या जागी लाली नि दुखण्याची दिसलीय. आणि मंजुरी मिळाली ती एलडीएल उतरतं या आकड्यांवर. स्टॅटिनच्या गोळ्यांनी हार्ट अटॅक कमी होतात याचा अनेक वर्षांचा पुरावा आहे, म्हणून नवीन ते भारी असं समजू नका.

काकू, डॉक्टरांना विचारा की दुसरं स्टॅटिन किंवा कमी डोस करून बघायचा का, आणि इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलचीच दुसरी गोळी दिली होती का. ती स्वस्त आहे, हे इंजेक्शन गोळ्यांच्या मानानं खूपच महाग. त्यांनी हे सगळं करून बघितलं असेल तर इंजेक्शनला माझी ना नाही. पहिल्या डोसच्या आधी लिपिड प्रोफाइल करून ठेवा, म्हणजे तीन महिन्यांनी फरक कळेल.

सुनीता, बी-203: इझेटिमाइब फाइलीत कुठंच दिसत नाही गं. उद्या साडेअकराची अपॉइंटमेंट आहे, आधी तेच विचारते. हे म्हणतायत गोळी दिली तरी चालेल, पण दुखली तर दोन दिवसांत सोडणार 🙄

प्राची, सी-102: काकांना म्हणावं मनानं सोडू नका, डॉक्टरांना फोन करा. आणि दुखतंय तर स्नायूंना इजा झालीय का ते बघणारी सीपीके ही रक्ततपासणी करायची का, तेही उद्याच विचारून घ्या.