जॉन सीना म्हणे दुर्लक्षित रॅपर! आवरा!!

बेसलाईन
परवा टॅगटीमभाऊंनी "हिपहॉप आणि रेसलिंगमधले दुर्लक्षित हिरे" अशी यादी टाकली. सोडून देणार होतो, पण खाली "अगदी मनातलं", "अंगावर काटा आला" असल्या प्रतिक्रियांची रांग बघितली आणि डोकं फिरलं. पहिलं नाव जॉन सीना, का तर त्याला रॅपर म्हणून कुणी मान देत नाही. दुसरं रॅपर टुपाक. तिसरं रेसलर ओवेन हार्ट. अहो, टुपाकच्या तोंडाचे टीशर्ट फॅशन स्ट्रीटला ढिगाने मिळतात, त्याचं एक गाणं न ऐकलेली पोरं ते घालून फिरतात, तो कसला दुर्लक्षित? ओवेन १९९९ साली कॅन्सस सिटीत वरून रिंगमध्ये उतरताना पडून गेला, त्याच्यासाठी अजून लोक हळहळतात, एईडब्ल्यू या रेसलिंग कंपनीने २०२२ पासून त्याच्या नावाची टूर्नामेंट सुरू केली, आणि डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये तो नाही कारण त्याच्या बायकोलाच त्या कंपनीचं काही नकोय.

खरी नावं घ्या ना. ग्रँडमास्टर कॅझ. न्यूयॉर्कच्या ब्राँक्सचा रॅपर. १९७९ ला 'रॅपर्स डिलाइट' आलं, बाहेरच्या जगाने रॅप म्हणून पहिल्यांदा ऐकलं ते हे गाणं, आणि त्यात बिग बँक हँक जे म्हणतो ते कॅझच्या वहीतलं आहे. हँक न्यू जर्सीत पिझ्झाच्या दुकानात कामाला होता, तिथे कॅझच्या टेपबरोबर बडबडत होता, शुगर हिल रेकर्ड्सच्या सिल्व्हिया रॉबिन्सनच्या कानावर ते पडलं आणि पठ्ठ्या थेट ग्रुपमध्ये. मग कॅझकडे जाऊन वही घेऊन आला आणि त्यातलं नावसुद्धा बदललं नाही! कॅझचं आधीचं नाव कॅसानोव्हा फ्लाय. गाण्यात हँक आपली ओळख करून देताना हेच नाव एकेक अक्षर सुटं करून ठणकावून सांगतो. चोरलेली गाडी, नंबरप्लेट मूळ मालकाची, आणि हा हॉर्न वाजवत गावभर फिरतोय. कॅझला ना क्रेडिट ना पैसा.

रेसलिंगमधला घ्या एस डी जोन्स. १९८५, रेसलमेनिया या मोठ्या वार्षिक शोची पहिलीच खेप, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. किंग काँग बंडीकडून नऊ सेकंदात हरला म्हणून आजही त्याची टिंगल होते. घड्याळ लावून बघा, नऊबिऊ काही नाही, दुपटीहून जास्त वेळ लागलाय. पण तेव्हा आकडा तसा जाहीर झाला म्हणून पुढच्या वर्षी तोच बंडी रेसलमेनियात पिंजऱ्यात हल्क होगनसमोर राक्षस म्हणून उभा राहू शकला. त्याला राक्षस केला कुणी? खाली पडणाऱ्याने. आणि आर-ट्रुथ! तो तर दोन्हीकडचा. स्वतःचा रॅप स्वतः म्हणत एन्ट्री घेतो, २००२ मध्ये केन शॅमरॉकला हरवून एनडब्ल्यूए या रेसलिंग संघटनेचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, त्या बेल्टचा पहिला कृष्णवर्णीय चॅम्पियन. आणि लोकांना माहिती काय, तर तो विनोदी काका. बोला आता.

टॅगटीम
वा वा, माझ्या यादीसाठी एवढं लांबलचक? धन्यवाद 🙏 मुद्दा वाचला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं होतं की सीनाचा रॅप दुर्लक्षित आहे, सीना नाही. २००५ चा अल्बम स्वतः लिहिला-गायला, गंमत म्हणून नाही. पण रॅपवाले म्हणतात हा पैलवान, आणि रेसलिंगवाले म्हणतात ती त्याची सुरुवातीची फेज. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. आणि ते नऊ सेकंद वगैरे, सॉरी, हरायचे पैसे घेणाऱ्याला हिरो कशाला करायचं? मी लहानपणी ट्रम्प कार्ड खेळायचो, ज्याचं कार्ड आलं की गड्डी गेलीच समजायचं, त्याचा काय सत्कार करायचा?

बेसलाईन
तो अल्बम बिलबोर्डवर पंधराव्या नंबरला आला होता. पंधराव्या! याला दुर्लक्ष म्हणतात तुमच्यात? आणि कव्हर नीट बघा, जॉन सीना आणि ट्रेडमार्क असं आहे. ट्रेडमार्क म्हणजे त्याचा कझिन, एन्ट्रीचं जे गाणं अख्खं स्टेडियम म्हणतं त्यातपण तो आहे. मग यादीत त्याला टाकायचं होतं की! त्याचं नाव तुमच्या तोंडी आलं का एकदा तरी?

टॅगटीम
बरं. ट्रेडमार्क. टाकला. खूश?

चिन्मयी०७
बेसलाईन, तुमचं कॅझबद्दल पटलं, पण सिल्व्हिया रॉबिन्सनला एका वाक्यात चोरांची म्होरक्या करून मोकळे झालात त्याचं काय? ती बाई स्वतः गायिका होती, १९७३ ला तिचा स्वतःचा हिट होता. १९७९ ला मोठ्या कंपन्यांना रॅप म्हणजे गल्लीतला आवाज वाटत होता, तेव्हा हिने त्यावर पैसे लावले. १९८२ चं 'द मेसेज' करायलाही ग्रँडमास्टर फ्लॅश आणि मंडळी नाखूश होती, लोकांना नाचायचंय, झोपडपट्टीची रडगाणी कोण ऐकणार म्हणून. तिने हट्ट धरला. गाणं लिहिलं ड्यूक बूटी आणि मेली मेलने, आवाज त्यांचेच, नाव लागलं फ्लॅशचं. दुर्लक्षित पाहिजे तर ड्यूक बूटी घ्या.

आणि मुळात हिपहॉप जिथे सुरू झालं म्हणतात त्या पार्टीपासून सुरू करा ना. ११ ऑगस्ट १९७३, सेजविक अॅव्हेन्यूवरची १५२० नंबरची बिल्डिंग. सगळे डीजे कूल हर्क, कूल हर्क करतात. पार्टी ठेवली होती त्याची बहीण सिंडी कॅम्पबेलने, शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे म्हणून. आमंत्रणं हाताने कार्डांवर लिहिली, मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. हॉल, पैसे, गर्दी, सगळं तिने बघितलं, भावाने रेकॉर्ड लावल्या. आमच्या सोसायटीच्या गणपतीतपण हेच, वर्गणी गोळा करणाऱ्या बायका आणि माइक धरून "सर्वांचे आभार" म्हणणारा भलताच.

बेसलाईन
सिंडीबद्दल मान्य. रॉबिन्सनबाईंबद्दल अजिबात नाही. 'रॅपर्स डिलाइट'मध्येच शिक नावाच्या बँडच्या 'गुड टाइम्स'ची बेसलाईन जशीच्या तशी वाजवली. नाइल रॉजर्सने कोर्टाची भाषा केल्यावर त्याचं आणि बर्नार्ड एडवर्ड्सचं नाव लागलं की नाही? लागलं. मग कॅझचं का नाही? त्याच्याकडे वकील नव्हता म्हणून. (आणि हो, माझा आयडी त्यावरूनच आहे, विचारू नका.)

चिन्मयी०७
वकील नव्हता हा बाईचा दोष? वही देताना कॅझने स्वतःच "घे" म्हटलं ना हँकला? तो त्याचा मित्र होता, कॅझला वाटलं आपलंही काही होईल यातून.

बेसलाईन
मित्राने विश्वासाने दिलेलं म्हणजे फुकट दिलेलं का हो? माझं स्वतःचं सांगतो. कॉलेजला असताना युथ फेस्टिव्हलसाठी एका मित्राला मी रॅप लिहून दिला, मराठीत, तेव्हा कुणी करत नव्हतं. त्याने बक्षीस घेतलं, पुढे कुठल्याशा अल्बममध्ये तेच दोन कडवी घातली, आणि भेटला तेव्हा म्हणतो "अरे तुला आठवतंय का, मी तेव्हा किती भारी लिहायचो". मी!! त्याच्या लग्नात जेवून आलो मी, पण ते अजून खुपतं. त्यामुळे कॅझचं मला पुस्तकातून समजावू नका.

चिन्मयी०७
हां, म्हणजे हा धागा कॅझचा नाही, तुमचा आहे. आधी सांगायचं ना.

वरळीचा नातू
मी नवीन आहे, चुकलं तर सांभाळा. ते किंग काँग नऊ सेकंदात जिंकला हे कसं शक्य आहे? किंग काँगला तर दारासिंगने डोक्यावर उचलून रिंगबाहेर फेकला होता. आमचे आजोबा स्वतः वल्लभभाई पटेल स्टेडियमला बघायला जायचे, गिरणीतून पाळी संपवून. ते सांगतात, किंग काँग कोंबड्याच्या कोंबड्या खायचा आणि रिंगमध्ये आला की लाकडी फळ्या करकरायच्या.

शिरा_उपमा
नातूसाहेब, ते दोन वेगळे 😂 तुमच्या आजोबांचा किंग काँग म्हणजे हंगेरीचा एमिल झाया. हा किंग काँग बंडी, अमेरिकन, टकला, फार नंतरचा.

वरळीचा नातू
ओह. पण मग दारासिंगचं नाव यादीत का नाही?

लाल माती
कारण ती नुरा कुस्ती होती. सगळं ठरवून. किंग काँगला उचलला म्हणे. दीड-दोनशे किलोचा माणूस त्याच्या मर्जीशिवाय उचलला जातो होय? आमच्याकडे खासबागेत एकदा येऊन बघा, माती अंगाला लागल्याशिवाय कळायचं नाही. तुम्ही लोक अमेरिकेतल्या नाटकी मारामाऱ्यांमधले दुर्लक्षित शोधताय, आणि इथे खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्य मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, जायला पैसे नव्हते तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं, आणि अर्जुन पुरस्कार दिला तो मेल्यावर. यांच्यासाठी धागा कुणी काढत नाही.

टॅगटीम
झालं. आले खाशाबा. आदर आहे हो काका, पण विषय काय चाललाय?

लाल माती
विषय दुर्लक्षितांचा आहे ना? मग मी काय वेगळं बोललो?

मिल्टनकर
लाल माती, दारासिंगला नुरा म्हणून उडवून लावणं अन्याय आहे. १९६८ ला मुंबईत तो लू थेजला हरवून वर्ल्ड चॅम्पियन झाला. थेज म्हणजे खऱ्या पकडी येणारा माणूस, समोरच्याला येत नसेल तर त्याच्याकडून हरायला तयार व्हायचा नाही. त्याने नंतर लिहिलंय की दारासिंग अस्सल पैलवान होता आणि त्याच्याकडून हरायला काहीच हरकत नव्हती. म्हणजे निकाल ठरलेला, पैलवान खरा. दोन्ही एकदम असू शकतं.

आणि खरा दुर्लक्षित भारतीय पाहिजे तर टायगर जीत सिंग घ्या. पंजाबातून कॅनडाला आला, नाव कमावलं जपानमध्ये. १९७३ ला टोकियोत शिंजुकूच्या इसेतान दुकानाबाहेर भर रस्त्यात जपानी रेसलर अँटोनियो इनोकीवर धावून गेला, इनोकी बायकोबरोबर खरेदीला आलेला. पोलीस आले. मग त्यांच्या मॅचला जे घबाड झालं ते विचारू नका, आणि १९७५ ला त्याने इनोकीकडून बेल्टपण घेतला. जपानी पोरं त्याला बघून पळायची. आमच्या इथे मिल्टनमध्ये त्याच्या नावाची सरकारी शाळा आहे, त्याने समाजासाठी केलेल्या कामामुळे. माझी मुलगी त्याच शाळेतली, तिला विचारलं हा कोण माहितीये का, तर म्हणे "कुणीतरी म्हातारे पगडीवाले, चॉकलेट वाटतात". जपानला धडकी भरवणारा माणूस!

लाल माती
थेजला कधी पैसे मिळाले ते विचारा मग कळेल हरकत का नव्हती.

वरळीचा नातू
माझ्या आजोबांना तुम्ही खोटं पाडताय का?

लाल माती
आजोबांना नाही हो. आजोबांनी तिकिटाला पैसे घातले, ते खरेच होते.

मिल्टनकर
२०१८ ला डब्ल्यूडब्ल्यूईने दारासिंगला हॉल ऑफ फेममध्ये घेतला, पण लेगसी विभागात. तिथे भाषण नाही, मंचावर कुणी येत नाही, व्हिडिओत फोटो सरकतो आणि पुढचा. एस डी जोन्सलाही २०१९ ला तसाच सरकवला. खलीला मात्र २०२१ ला रीतसर. आता बोला.

शिरा_उपमा
खलीचा विषय काढू नका, तिसरी पंगत बसेल. मला एकच सांगायचंय. रॅप आणि रेसलिंग एकत्र म्हटलं की १९९९ चं डब्ल्यूसीडब्ल्यू, डब्ल्यूडब्ल्यूईची तेव्हाची प्रतिस्पर्धी कंपनी, कुणालाच कसं आठवत नाही? रॅपर मास्टर पीला आणला, त्याची टोळी नो लिमिट सोल्जर्स हिरो, समोर व्हिलन म्हणून कर्ट हेनिग आणि त्याचे काऊबॉय हॅट घातलेले साथीदार, त्यांनी 'रॅप इज क्रॅप' म्हणून कंट्री गाणं काढलं, लोकांनी चिडावं म्हणून. आणि अमेरिकेच्या दक्षिणेतलं पब्लिक त्याच गाण्यावर टाळ्या वाजवायला लागलं! हिरोंना हूटिंग, व्हिलनला डोक्यावर. कर्ट हेनिग तसा मिस्टर परफेक्ट म्हणून गाजलेलाच, पण हुकलेल्या गोष्टीतून असा खेळ उभा करणं याचं श्रेय त्याला कुणी देत नाही.

बेसलाईन
श्रेय? रॅपची टिंगल करणाऱ्या गाण्याचं श्रेय? या धाग्यावर?

शिरा_उपमा
गाणं कानाला बरं होतं राव. काय करू.

चिन्मयी०७
टाळ्या वाजवणारे कोण होते आणि रिंगमधले सोल्जर्स कोण होते तेही बघा की जरा. सगळंच "हुकलेली स्टोरी" म्हणून हसण्यावारी नेता येत नाही.

शिरा_उपमा
हे बरोबर आहे. तेव्हा लहान होतो, फक्त हॅट बघितल्या.

टॅगटीम
बेसलाईन, तुमच्या आर-ट्रुथचं एक राहिलं. २०२५ च्या जूनमध्ये कंपनीने काँट्रॅक्ट वाढवलं नाही म्हणून सोशल मीडियावर जो दंगा झाला आणि आठवड्याच्या आत त्याला मनी इन द बँक या शोमध्ये परत आणावं लागलं, एवढं पब्लिक ज्याच्या मागे तो दुर्लक्षित कसा? तुमचाच नियम तुम्हाला लावतोय.

बेसलाईन
पब्लिकने दुर्लक्ष केलंच नव्हतं, कंपनीने केलं.

टॅगटीम
मग टुपाकला पण ग्रॅमी नाही मिळालं कधी. कंपनीनेच दुर्लक्ष केलं. परत आत घ्या त्याला.

बेसलाईन
...हे तुम्ही गूगल करून आलात ना?

टॅगटीम
आलो. मग?

मिल्टनकर
लाल माती, थेजचं पुस्तक मिळवून वाचा एकदा, एवढंच म्हणतो.

लाल माती
मिळालं तर वाचीन. दारासिंग ताकदीचा होता हे मी कधी नाकारलं? नुरा ती नुराच. आणि खाशाबांना पद्मसाठी एवढी वर्षं वाट बघायला लावली त्यावर कुणीच बोललं नाही, हे लक्षात ठेवतो.

शिरा_उपमा
काका, तुम्ही हे प्रत्येक धाग्यावर लिहिता. गेल्या आठवड्यात उकडीच्या मोदकाच्या धाग्यावर पण लिहिलं होतं.

लाल माती
तिथेही कुणी उत्तर दिलं नाही.