रामसे, मालेगाव आणि असेच 'टुकार' पण आवडते सिनेमे: अनुभव लिहा

समुद्रकाठी: काल मुरूडला नवाबाच्या राजवाड्यावरून गेलो. लेकीला म्हटलं, इथे रामसे बंधूंच्या भयपटांतली भुतं राहायची! तिला ढिम्म कळलं नाही. मला मात्र त्यांच्या 'पुराना मंदिर'मधला राक्षस सामरी आठवला. तुमचेही येऊ द्या.

चकलीवाली: सामरी!!! गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर आणायचे. ऐन वेळी पडद्यावर मुंग्या. मग दादा कोरी नोट घेऊन व्हीसीआरचं हेड पुसायचा, तोवर भुताची भीती पार गेलेली. आजी म्हणायची, मेल्याला एकदा जेवायला वाढा.

निवृत्त_नाही: सात भाऊ होते ते. एक लिहायचा, एक कॅमेऱ्यावर, एक साउंड, एक एडिटिंग, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. घरचंच कार्य!

गिरणाकाठ: मालेगाव कुठंय लोकहो? तिथल्या शेख नासिर यांनी केलेली 'शोले'ची नक्कल, 'मालेगाव के शोले', २००० सालची. डाकू घोड्यांवर नाहीत, सायकलींवर. आगगाडी परवडेना म्हणून बस लुटली. पुढे सुपरमॅन केला तेव्हा क्रेन म्हणून बैलगाडी. माझा मामा तिथे यंत्रमागावर होता, शुक्रवारी सुट्टी. पडद्यावर आपलीच गल्ली दिसली की काय शिट्ट्या पडायच्या! सुपरमॅन झालेला शफीक २०११ मध्ये तोंडाच्या कॅन्सरने गेला. गुटखा सोडा रे बाबांनो.

चकलीवाली: सायकलवर डाकू 😂😂 शफीकचं वाचून वाईट वाटलं पण.

हॉस्टेल_ब्लॉक_सी: 'गुंडा' (१९९८) घ्या. यमकात बोलणारे व्हिलन. मेसमध्ये पोळी मागायचो तीसुद्धा यमकात.

रेवा_के: त्यातले बायकांवरचे डायलॉग मला नाही बाबा ऐकवत. पोरं हसतात, मी उठून जाते.

हॉस्टेल_ब्लॉक_सी: खरंय. आता परत पाहिला तर मलाही जड गेलं.

निवृत्त_नाही: टुकार शब्द मागे घ्या! 'जाने भी दो यारो'सुद्धा तुटपुंज्या पैशातलाच, १९८३, एनएफडीसीचा (सरकारी चित्रपट महामंडळ). नसिरुद्दीनने स्वतःचा कॅमेरा आणला, तो शूटिंगमध्ये चोरीला गेला. पैसे नाहीत हे दिसतं तरी गडी थांबत नाही, मजा त्यात आहे.

समुद्रकाठी: घेतला मागे काका. शीर्षक बदलता येत नाहीये.

रेवा_के: चकलीवाली, नावावरून आठवलं, माझ्या चकल्या तेलात विरघळतात. मोहन जास्त होतंय का?

चकलीवाली: हो, नाहीतर पीठ सैल. व्यनि (खाजगी निरोप) करते, कुकर झालाय.