जागा एकच होती आणि ती तिला मिळाली : आपापले अनुभव लिहा

नमस्कार मैत्रिणींनो. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा माझे लक्ष पुन्हा पुन्हा प्रतीका रावलकडे जात होते. साखळीत न्यूझीलंडविरुद्ध १२२ धावा काढणारी ही सलामीची फलंदाज बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना जायबंदी झाली आणि तिच्या जागी आलेल्या शफाली वर्माने अंतिम सामन्यात ८७ धावा व दोन बळी घेऊन सामनावीराचा मान मिळवला. त्या जल्लोषात प्रतीका व्हीलचेअरवर बसून सामील झाली होती. आपल्याही आयुष्यात असे प्रसंग आले असतील. कौतुकाचे शब्द सगळेच बोलतात. दुसरी जिंकावी म्हणून कोणी प्रत्यक्ष काय केले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

पोलीस भरती, मराठवाडा

आम्ही दोघी एकाच तालुक्यातल्या, एकाच प्रवर्गातल्या, आणि अर्जही एकाच जिल्ह्यात भरलेला. त्यामुळे तिचा एक गुण वाढला की यादीत मी तेवढी खाली जाणार, हे दोन्ही घरांना ठाऊक होते. मैदानी चाचणी ५० गुणांची असते : मुलींना ८०० मीटर व १०० मीटर धावणे आणि चार किलोचा गोळा. माझे धावणे चांगले होते, पण गोळा पाच मीटरच्या पुढे जात नसे. तिचा गोळा लांब जाई, मात्र पहिल्या चारशे मीटरमध्येच ती सगळा दम घालवून बसे. म्हणून पहाटे शाळेच्या मैदानावर मी तिच्या पाऊलभर पुढे धावायचे. ती मागून ‘ताई, सुटू का?’ असे विचारायची आणि शेवटचे वळण येईपर्यंत मी ‘थांब अजून’ म्हणत राहायचे. संध्याकाळी शिकवण्याची पाळी तिची असे. गोळा तळहातावर न ठेवता बोटांच्या मुळाशी धरायचा, मानेला घट्ट टेकवायचा आणि जोर मागच्या पायातून काढायचा, हे तिने माझी बोटे एकेक करून नीट लावत शिकवले.

अंतिम यादीत तिचे नाव आले, माझे प्रतीक्षायादीत राहिले. तिच्या आईने हातावर ठेवलेला पेढा घशाखाली उतरायला वेळ लागला, हे मी लपवणार नाही; तरी तिच्या मिरवणुकीत गुलाल उधळणाऱ्यांत मी पुढे होते आणि तो आनंद खरा होता. प्रशिक्षणाला जाण्याआधी तिने गणित आणि बुद्धिमत्ता चाचणीच्या आपल्या सगळ्या वह्या मला आणून दिल्या. सुटी मिळाली की ती आजही फोनवरून माझी उजळणी घेते आणि उत्तर चुकले की चांगली रागावते.

खासगी नोकरी, ठाणे

आमच्याकडे वरिष्ठ पदाच्या अनेक जागा रिकाम्या होत्या, पण चर्चा मात्र ‘या दोघींपैकी कोण’ अशीच चालायची. ‘बाईच बाईची वैरी’ असे म्हणणारे लोक, बायकांसाठी एकच खुर्ची कोणी आणि का ठेवली, हे कधीच विचारत नाहीत, याचा मला मनापासून संताप येतो. माझ्या सहकारी मैत्रिणीने वरिष्ठांना लेखी कळवले की आम्हा दोघींची तुलना एकमेकींशी न करता सर्व उमेदवारांशी करावी. सोबत तिने माझ्या कामाचा तपशीलही जोडला. त्या वर्षी बढती तिला मिळाली. पुढच्या वर्षी माझा विचार झाला, तेव्हा तिचे तेच पत्र समोर होते.

बुद्धिबळपटू मुलीची आई, नागपूर

आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून येथील लहान मुलींच्या स्पर्धांत वेगळाच हुरूप आहे. मला मात्र डावापेक्षा डावानंतरची पद्धत अधिक आवडते. दोघी खेळाडू बाहेर येऊन तोच डाव पुन्हा मांडतात आणि कोठे काय सुचले होते, ते एकमेकींना सांगतात. एकदा माझी मुलगी हरली, डोळे पुसले आणि जिंकलेल्या मुलीला म्हणाली, ‘इथे तू घोडा आणला असतास तर मी आधीच हरले असते.’ पुढच्या स्पर्धेत तिच्याशीच पुन्हा गाठ पडण्याची शक्यता असताना हे सांगायला मोठे मन लागते.

बचत गट, सातारा जिल्हा

मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात आमच्या शेजारी सोलापूरचा गट होता आणि दोन्हीकडे विकायला शेंगदाण्याची चटणीच! गिऱ्हाईक त्यांच्याकडे चव घेऊन आमच्याकडे येई आणि आमच्याकडची घेऊन परत तिकडे जाई. त्यांच्या पाकिटांवर अन्न परवान्याचा क्रमांक, घटक आणि मुदत नीट छापलेली होती. आमच्या पाकिटांवर केवळ गटाचे नाव आणि वजन. त्यांच्या अध्यक्ष वहिनींनी गर्दी ओसरल्यावर आम्हाला बसवून परवान्याचा अर्ज कसा भरायचा, ते समजावले आणि छपाईवाल्याचा पत्ताही दिला. त्यांना तेथेच एका दुकानदाराची मोठी मागणी मिळाली, तेव्हा आमच्या बायकांनी त्यांच्या गाळ्यावर बसून पाकिटे भरून दिली. आता आमचीही चटणी परवान्यासह दुकानांत जाते. साताऱ्यातल्या ज्या गटांना अर्जाची माहिती हवी असेल, त्यांनी येथे विचारावे. मी टप्प्याटप्प्याने लिहीन.